सोडतीत नाव लागलेला धाकटा

बॉस्टन सोडून उत्तरेला निघालं की न्यू हॅम्पशायरचा चिंचोळा किनारा कधी आला आणि कधी गेला ते कळत नाही. पिस्काटाक्वा नदीवरचा उंच हिरवा पूल ओलांडला की मेन राज्य सुरू होतं. ऑक्टोबर महिना होता. मेपल असे पेटले होते की गाडी चालवणाऱ्याने बाजूला बघू नये हे बरं. गाडी भाची चालवत होती. तिचा प्रश्न सरळ होता : "मावशी, लोक मेनला लॉब्स्टर खायला जातात, नाहीतर अकेडियात पानांचे रंग बघायला. लुइस्टनला काय आहे?"

लुइस्टनला सोमाली माणसं आहेत, आणि माझ्या पिशवीत एका सोमाली माणसाचं पुस्तक होतं. अब्दी नूर इफ्तिन यांचं ‘कॉल मी अमेरिकन’ हे आत्मकथन 2018 मध्ये आलं. पत्रकार मॅक्स अलेक्झांडर यांच्या मदतीने लिहिलेलं हे पुस्तक मोगादिशूत सुरू होतं आणि मेनमध्ये येऊन थांबतं. आपल्याकडे अशी पुस्तकं दुकानात ‘प्रेरणादायी’च्या कप्प्यात लागतात आणि मलपृष्ठावर ‘जिद्दीची कहाणी’ असं छापलेलं असतं. पुस्तक दोनदा वाचूनही मला त्यात जिद्दीपेक्षा वेगळंच काहीतरी ठळक दिसत होतं. ते जागेवर जाऊन पडताळायचं होतं.

पोर्टलंड हे राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, पण आपल्या तालुक्याच्या गावात जास्त गर्दी असेल. बंदराजवळच्या फरसबंद गल्ल्यांत लॉब्स्टरचे फलक, पर्यटकांचे स्वेटर आणि समुद्राचा गार वारा. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे आपण नुसतं रेंगाळलो तरी मोटार थांबते आणि चालक हाताने ‘जा’ म्हणतो. पुण्याहून गेलेल्या माणसाला यात काहीतरी डाव असावा असं पहिल्यांदा वाटतं. मेनची माणसं अबोल, पण उद्धट नाहीत. शहराबाहेर एका शेताच्या कडेला सफरचंदांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या, शेजारी पैशांचा डबा आणि त्यावर दर. विकणारा कोणीच नाही. भाचीने नोटा आत टाकल्या, आम्ही टोपली उचलली आणि निघालो. या राज्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत, आणि मध्यक वयाच्या हिशेबात हे अमेरिकेतलं सगळ्यात म्हातारं राज्य. अशा ठिकाणी ऑगस्ट 2014 मध्ये एक सोमाली तरुण येऊन उतरला.

तो पोहोचला पोर्टलंडच्या उत्तरेला, यार्मथ नावाच्या गावात. गाव नीटनेटकं, पांढऱ्या लाकडी घरांचं. तिथे एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीने 1998 मध्ये पृथ्वीचा एक फिरता गोल बसवला. काचेच्या उंच दालनात 41 फूट व्यासाचा हा गोल कललेल्या आसावर सावकाश फिरत असतो. फिरत्या गोलांमध्ये जगात सगळ्यात मोठा म्हणून गिनीजने त्याची नोंद घेतली. प्रमाण दहा लाखांस एक, म्हणजे गोलावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा एक किलोमीटर. मुंबई समोर आली तेव्हा मी तिथून नजरेने अरबी समुद्र मोजत मोगादिशूपर्यंत गेले. गोलावर हे अंतर साधारण साडेतीन मीटर भरतं. कपाटाएवढ्या निळ्या पट्टीच्या अलीकडे-पलीकडे राहूनही सोमालियाबद्दल मराठी वर्तमानपत्रांत आपण काय वाचतो? चाचे. मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाने 35 सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. त्याआधी कित्येक महिने आणि त्यानंतर कित्येक महिने त्या देशाचं नाव वाचल्याचं आठवत नाही.

गोलासमोरच्या बाकावर बसून मी पुस्तक पुन्हा चाळलं.

अब्दीचा जन्म कडुनिंबाच्या झाडाखाली झाला. साल बहुधा 1985. नक्की तारीख घरात कोणालाच ठाऊक नाही, कारण आईवडील गुराढोरांमागे रानोमाळ फिरणारे. दुष्काळात जनावरं मेली आणि जोडपं मोगादिशूला आलं. वडील ताडमाड उंच. बास्केटबॉल खेळू लागले आणि राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. 1991 मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली, टोळ्यांचं युद्ध पेटलं, तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. कुटुंब पायी बैदोआकडे निघालं. त्या दुष्टचक्रात तान्ही बहीण उपासमारीने गेली. पुढे मोगादिशूत परतल्यावर एका व्हिडिओच्या खोपट्यात अर्नॉल्ड श्वार्झनेगरचे सिनेमे बघत हा पोरगा इंग्रजी शिकला आणि शेजारच्या प्रेक्षकांना संवाद सोमालीत सांगू लागला. तसंच चालणं, तसंच बोलणं, तसाच नाच. गल्लीने नाव ठेवलं ‘अब्दी अमेरिकन’. 2006 नंतर कट्टरपंथीयांचा जोर वाढला, पुढे अल-शबाबचा अंमल आला, आणि लाडाचं ते नाव जिवावर उठलं.

त्या दिवसांत तो चोरून एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमासाठी आपलं रोजचं जगणं बोलून पाठवायचा. ते ऐकणाऱ्यांत यार्मथचं एक कुटुंब होतं. त्यांनी ओळख काढली, पत्रव्यवहार केला, आणखी काही अनोळखी माणसं जोडली. 2011 मध्ये तो केनियात, नैरोबीच्या ईस्टली वस्तीत, थोरल्या भावाकडे पोहोचला. या वस्तीला लोक ‘छोटं मोगादिशू’ म्हणतात. भाऊ तिथे आधीपासून निर्वासित म्हणून दिवस काढत होता, किडूकमिडूक विकून पोट भरत होता. एकाच खोलीत दोघे राहिले आणि एकाच सायबर कॅफेत बसून दोघांनी अमेरिकेच्या ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ सोडतीचे अर्ज भरले.

ही सोडत आपल्याकडे फारशी माहीत नाही, कारण भारतीयांना तिच्यात अर्जच करता येत नाही. ज्या देशातून मागच्या पाच वर्षांत 50,000 हून अधिक लोक अमेरिकेत स्थायिक व्हायला गेले, तो देश बाद. 1990 च्या कायद्याने ठरवलेल्या 55,000 व्हिसांसाठी दरवर्षी लाखो अर्ज येतात आणि संगणक नावं उचलतो. मुंबईकराने म्हाडाची सोडत डोळ्यांसमोर आणावी. नाव लागलं म्हणजे चावी मिळाली असं नव्हे. मग कागदपत्रं, पोलिसांचा दाखला, शाळेच्या गुणपत्रिका, मुलाखत. आणि नावं मुळात जागांपेक्षा जास्त काढलेली, त्यामुळे उशीर झाला की हातातलं जातं.

2013 मध्ये अब्दीचं नाव लागलं. भावाचं लागलं नाही.

अर्ज सारखा, खोली तीच, देश तोच, उपासमार एकत्र काढलेली. थोरल्याची जिद्द काय कमी होती? इथेच माझ्या हातातल्या पुस्तकाचं मलपृष्ठ खोटं पडतं. पुस्तक मात्र खोटं पडत नाही, कारण अब्दी स्वतः ही गोष्ट लपवत नाही. एप्रिल 2014 मध्ये केनियाच्या पोलिसांनी ईस्टलीत धरपकड सुरू केली, हजारो सोमालींना उचलून कासारानीच्या स्टेडियममध्ये डांबलं. व्हिसाची मुलाखत तोंडावर आणि दाराबाहेर पोलीस, अशा अवस्थेत दोघे भाऊ खोलीत दबा धरून बसले होते. पकडले गेले असते तर दोघेही सारखेच पकडले गेले असते. पुढे 2015 मध्ये ही कहाणी ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमातून घराघरांत पोहोचली.

यार्मथमधून निघताना एका जुन्या घराजवळ थांबलो. दोन पोरं भिंतीच्या लाकडी पट्ट्या काढून आत भोकं पाडत होती. रस्त्यावर उभ्या ट्रकमधून एक जाड नळी आली होती आणि तिच्यातून वर्तमानपत्रांच्या कागदाचा राखाडी भुसा भिंतीच्या पोकळीत सोडला जात होता. काम झालं की भोकात लाकडी बूच, वर पुन्हा पट्टी. हिवाळ्यात घर ऊबदार राहावं म्हणून. पोरांच्या भुवयांवर, पापण्यांवर तो भुसा बसला होता. मेनमध्ये आल्यावर अब्दीला मिळालेली सुरुवातीची नोकरी हीच. विषुववृत्ताजवळच्या गावातून आलेला माणूस गोऱ्यांच्या घरातली थंडी अडवत होता आणि पगारातून मोगादिशूला आईसाठी पैसे पाठवत होता. नंतर तो नव्याने आलेल्या सोमालींसाठी दुभाष्याचं काम करू लागला. सिनेमाच्या खोपट्यात जे फुकट करायचा, त्याचेच आता पैसे मिळत होते.

लुइस्टन दिसण्याआधी नदी दिसते. ॲन्ड्रॉस्कॉगिन इथे खडकांवरून कोसळते. तिच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. विटांच्या लांबच लांब इमारती, बंद चिमण्या, कालव्यात थिजलेलं पाणी. बेट्स मिलच्या एका शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आहे. गिरणगाव ज्याने पाहिलंय त्याला हे छप्पर ओळखीचं वाटेल. नातंही निव्वळ दिसण्यापुरतं नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटणार हे ओळखून बेंजामिन बेट्सने आधीच कापूस भरून ठेवला आणि तो गब्बर झाला. त्याच युद्धामुळे इंग्लंडला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे सोनं वाहत आलं. मुंबईचा फुगा 1865 मध्ये फुटला. लुइस्टनच्या गिरण्या पुढे शंभर वर्षं चालल्या आणि मग एकेक करून थंडावल्या.

त्या चालवल्या कोणी? क्वेबेकहून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांनी. ते नदीकाठच्या ‘लिटल कॅनडा’ वस्तीत चार-पाच मजली लाकडी चाळींत राहायचे. स्थानिकांना ते नकोसे होते. 1919 मध्ये मेनने कायदा करून सरकारी शाळांत फ्रेंचमधून शिकवायला बंदी केली, आणि 1920 च्या दशकात इथे कू क्लक्स क्लॅनने मोर्चे काढले ते याच कॅथलिकांविरुद्ध. गावाच्या डोक्यावर उभं असलेलं सेंट पीटर आणि सेंट पॉलचं भव्य बॅसिलिका त्याच गिरणी कामगारांच्या वर्गणीतून उभं राहिलं. आत गेलो तर एक म्हातारी मेणबत्ती लावत होती आणि पुटपुटत होती ते फ्रेंचमध्ये.

2001 पासून सोमाली कुटुंबं यायला लागली. सरकारने त्यांना आधी जॉर्जियातल्या वगैरे मोठ्या वस्त्यांत वसवलं होतं. तिथल्या गुन्हेगारीला आणि शाळांना कंटाळून ती आपल्या पायांनी इथे आली. पोर्टलंडमध्ये घरं मिळेनात, लुइस्टनमध्ये गिरण्या बंद पडल्याने घरं रिकामी आणि भाडं कमी. आधी आलेल्याने फोन केला, दुसरा आला. दीड वर्षात आकडा हजाराच्या आसपास गेला. ऑक्टोबर 2002 मध्ये तेव्हाचे महापौर लॉरिए रेमंड यांनी सोमाली समाजाला उघडं पत्र लिहिलं : शहराची ताकद संपत आली आहे, तुमच्या माणसांना जरा दमाने यायला सांगा. आडनाव बघा, फ्रेंच. यांचे पूर्वज आले तेव्हाही कोणीतरी असंच म्हणालं असणार. पत्राची बातमी देशभर झाली, आणि 11 जानेवारी 2003 रोजी वंशवाद्यांची एक टोळी गावात सभा घ्यायला आली. त्यांच्या सभेला तीसेक डोकी. त्याच वेळी बेट्स कॉलेजमध्ये सोमालींच्या बाजूने चार हजारांवर लोक जमले. तरीही 2006 मध्ये इथल्या मशिदीत नमाज चालू असताना एका माणसाने डुकराचं मुंडकं आत लोटलं होतं, हेही विसरून चालणार नाही.

लिस्बन स्ट्रीटवर आता सोमाली दुकानांची रांग आहे. खिडकीत रंगीत हिजाब, चहाचे थर्मास, खजुराची खोकी, मोगादिशूला पैसे पाठवण्याचा फलक. काही काचांवर अजून ‘लुइस्टन स्ट्राँग’चे कागद होते, 25 ऑक्टोबर 2023 च्या रात्री इथे एका बंदूकधाऱ्याने 18 जणांना मारलं, तेव्हाचे. आम्ही एका खानावळीत शिरलो. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. पांढऱ्या टोपीतले मालक उठून आले, काय हवं ते न विचारताच त्यांनी बसायला खुर्च्या ओढल्या. पोर्टलंडमध्ये आम्हाला कोणी त्रास दिला नव्हता. इथे आम्हाला कोणी एकटं सोडेना. कुठून आलात, ही तुमची मुलगी का, तिचं लग्न झालंय का. भाची गालात हसली. हे प्रश्न तिने नाशिकला सोडून दिले होते.

ताटात बारीस आला, म्हणजे दालचिनी-वेलची-जिऱ्याच्या मसाल्यात शिजलेला भात. वर बकऱ्याच्या मटणाचे मोठे तुकडे, बाजूला हिरव्या मिरचीची झणझणीत चटणी, आणि एक अख्खं सोललेलं केळं. केळं शेवटी खायचं नसतं. भाताचा घास, त्यावर केळ्याचा तुकडा, वर चटणी. मी आधी घाबरत खाल्लं आणि मग केळं संपलं म्हणून दुसरं मागितलं. सांबूस होते : समोशाचाच त्रिकोण, पण आत बटाटा नव्हे, खिमा. चहात आलं-वेलची इतकी की भाचीने डोळे मिटून घेतले. पलीकडच्या टेबलावर दोन गोऱ्या बायका काट्याने बारीस खात होत्या. मालकांनी त्यांना काटे दिले होते, आम्हाला दिले नाहीत.

"मुंबई?" मालक म्हणाले. "धर्मेंद्र!" लहानपणी मोगादिशूच्या थिएटरात हिंदी सिनेमे लागायचे, एक अक्षर न कळता ते सगळे रडायचे. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आमची माणसं आहेत?" मी पुण्यात शिकायला येणाऱ्या सोमाली विद्यार्थ्यांबद्दल सांगितलं. पकडून मुंबईत आणलेल्या चाच्यांबद्दल काही बोलले नाही. त्यांना ते माहीत असावं, कारण त्यांनीही पुढे विचारलं नाही.

अब्दीच्या पुस्तकाबद्दल त्यांनी ऐकलं होतं, ते वाचलं नव्हतं. "सोडतवाला ना?" एवढंच म्हणाले. ते स्वतः निर्वासित छावणीतून आले. त्यांच्या हिशेबात चमत्कार सोडतीत नव्हता. "आमची पोरं 2015 ला फुटबॉलचं राज्य अजिंक्यपद जिंकली," म्हणाले, आणि काउंटरमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. लुइस्टन हायस्कूलच्या निळ्या जर्सीतल्या पोरांचा फोटो. सोमालिया, केनिया, काँगो इथून आलेल्या घरांतली मुलं आणि एक जुनाजाणता गोरा प्रशिक्षक. शाळेच्या इतिहासात मुलांच्या संघाने ते पहिल्यांदाच जिंकलं होतं. त्या रात्री सगळं गाव रस्त्यावर होतं, असं मालक सांगत होते. यात थोडा मीठमसाला असेल, पण चेहरा खोटं बोलत नव्हता.

बाहेर पडल्यावर भाचीने फोनवर शोधून सांगितलं की 25 मे 1965 रोजी याच गावात मुहम्मद अलीने सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत लोळवलं होतं. बॉस्टनने सामना नाकारला म्हणून तो इथल्या एका आइस-हॉकीच्या मैदानात झाला; प्रेक्षक 2,434. गावातला पहिला नामवंत मुसलमान एका संध्याकाळपुरता आला होता. पुढे 2019 मध्ये साफिया खालिद ही 23 वर्षांची सोमाली मुलगी लुइस्टनच्या नगर परिषदेवर निवडून आली, आणि 2022 मध्ये मेनच्या विधानसभेत देका धलाक आणि माना अब्दी या दोघी पोहोचल्या. माना अब्दी लुइस्टनच्याच.

परतीच्या वाटेवर अंधार लवकर पडला. भाची म्हणाली, "मग, शिकवण काय या पुस्तकाची?" ती कंपनीत वर्षाला एकदा अशा भाषणांना बसते, वक्ता शेवटी पडद्यावर मुद्दे दाखवतो. मी म्हटलं, अब्दी शहाणा आहे, कष्टाळू आहे, त्याला इंग्रजी येत होतं म्हणून रेडिओवाल्यांना तो सापडला. पण भाऊही कष्टाळू होता. फरक संगणकाने केला, आणि यार्मथच्या एका घराने केला. यातून शिकवण काढायचीच तर ती अब्दीसाठी नाही, यार्मथसारख्या घरांसाठी आहे, आणि अशी घरं पुस्तकांचे ग्राहक असली तरी मलपृष्ठावर त्यांचं नाव नसतं. भाची काही बोलली नाही. पुढचा टोल आला.

जानेवारी 2017 मध्ये ट्रम्प सरकारने सोमालियासह सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आणि नैरोबीतल्या थोरल्याची अमेरिकेची वाट अडली. धाकटा जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. बायडन यांनी 2021 मध्ये ती बंदी उठवली. 9 जून 2025 पासून सोमालियाचं नाव पुन्हा बंदीच्या यादीत आहे.